चंपा छपराखाली येत नाही

गेल्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, त्यात आमच्या वाडीचं एकूण नुकसान झालं ते असं: एक कौल, एक मडकं आणि माझी पुतणी चंपा. कौल मडक्यावर पडलं. मडकं फुटलं. चंपा मडक्यापासून हातभर लांब झोपली होती, तिला खरचटलंसुद्धा नाही. पुढे तलाठी आला, त्याने घर बघितलं, पोरगी बघितली आणि 'नुकसान नाही' असं लिहून नेलं. कागदावर ते बरोबरच आहे.

चंपा सहा वर्षांची. जमीन हलली, भांडी वाजली, म्हैस ओरडली, तशी माझा थोरला भाऊ मारुती तिला उचलून अंगणात आला. मागून रतनवहिनी आली. सगळी वाडी बाहेर आली. कोण म्हणालं धरण फुटलं, कोण म्हणालं रेल्वेने डोंगरात सुरुंग लावला. उजाडल्यावर वाडी आपापल्या घरात परत गेली. चंपा गेली नाही.

"चल गं आत, च्या घे," वहिनी म्हणाली.

"हितंच दे."

त्या दिवसापासून चंपा छपराखाली येत नाही.

पहिला आठवडा सगळ्यांना गंमत वाटली. तिचा नियम काय आहे तो हळूहळू कळत गेला. घर नको. गोठा नको. देऊळ नको. एस.टी. नको. झाड चालेल. छत्रीवर तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली.

आमची शाळा भैरोबाच्या देवळात भरते. गुरुजी भला माणूस. त्यांनी चंपाला खिडकीबाहेर एका दगडावर बसवलं आणि खिडकीतून शिकवायला लागले. अडचण हजेरीपटाची झाली. हजर लिहावं तर पोरगी शाळेत नाही, गैरहजर लिहावं तर पाढे म्हणतेय. शेवटी त्यांनी तिच्या नावापुढे 'खिडकीत' असं लिहायला सुरुवात केली. पुढे शाळातपासनीस आले. त्यांनी हजेरीपट बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

"हा काय शेरा?"

गुरुजींनी खिडकीकडे बोट केलं. चंपाने तपासनीसांना नमस्ते केलं. तपासनीसांनी पान उलटून पुढच्या पानावर सही केली.

पण ही गंमत दिवसाची. आंदर मावळातली थंडी मुंबईच्या लोकांना फार आवडते, कारण ते तिच्यात अंगणात झोपत नाहीत. दादा आणि वहिनी पाळीपाळीने पोरीजवळ बाहेर झोपायला लागले. झोपायला म्हणजे बसायला. पलीकडच्या वाडीतलं कुत्रं वाघराने उचललं होतं, त्यामुळे शेकोटी विझू द्यायची नाही आणि कोयता हाताशी ठेवायचा. दिवसाची कामं होतीच. जनावरं, शेण, पाणी, लाकडं. ती काही रात्रीची पाळी बघून थांबत नाहीत. माघापर्यंत दादाला उभ्या उभ्या झोप लागायला लागली. एकदा तो बांधावर कोंडाजी आबांशी बोलता बोलता झोपला. आबांना वाटलं विचार करतोय, म्हणून ते बराच वेळ उत्तराची वाट बघत थांबले.

कोंडाजी आबा आमचे चुलते. भावकीत शेवटचा शब्द त्यांचा असतो. पहिलाही त्यांचाच असतो, त्यामुळे काम लवकर आटपतं.

"मारत्या, दोन ठेवून दे अन् उचलून ने आत. म्होरल्या येळंला आपल्या पायानं जाईल."

दादाने ठेवून दिल्या नाहीत, पण एका दुपारी त्याने तिला उचललं आणि आत नेलं. सगळ्यांना वाटलं होतं पोरगी किंचाळेल. ती किंचाळली नाही. तिचं अंग लाकडासारखं झालं, तिने श्वास धरला तो सोडेचना, ओठ निळे पडले आणि तिच्या पायावरून पाणी गेलं. दादा जसा आत गेला तसाच बाहेर आला. तिला खाली ठेवून तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "न्हाई नेत. न्हाई नेत." किती वेळ तरी तेच म्हणत होता. त्यानंतर आबांनी तो विषय काढला नाही.

मग अंबाजी देवऋषीची पाळी आली. अंबाजीची पद्धत अशी की पोरगी त्याच्या देव्हाऱ्यापुढे बसवायची. देव्हारा घरात. घराला छप्पर. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी अंबाजी उंबऱ्याच्या आत बसला, चंपा अंगणात बसली आणि अंबाजीने दारातून हात लांब करून अंगारा लावला. हात पुरेना म्हणून तो थोडा पुढे आला, तर त्याच्या म्हणण्याप्रमाणे देवाची हद्द संपत होती.

"भेव बसलंय," तो म्हणाला.

"त्ये आमाला बी ठावं हाय, भाऊ," वहिनी म्हणाली. "उतरव."

एक कोंबडी लागली. अडीच आठवड्यांत गुण येईल म्हणाला. गुण आला असेल तर तो कोंबडीला.

मी लोणावळ्याला असतो. मुंबईच्या एका शेटजींचा बंगला आहे, त्याची राखण करतो. बंगल्याला अकरा खोल्या. शेटजी मे महिन्यात तीन आठवडे येतात. बाकीचं वर्ष अकरा खोल्यांवर छप्पर असतं आणि छपराखाली एकटा मी. घरची हकीकत रविवारी ऐकून सोमवारी परत आलो की मला खोल्या मोकळ्या दिसायच्या आणि कशाला तरी उगीच खिडक्या उघडून ठेवायचो.

बाजाराच्या मागे एक धर्मादाय दवाखाना आहे. जानेवारीत मी खोकल्याचं औषध आणायला गेलो होतो, तेव्हा पोर भिऊन बसलं तर कुठे न्यावं, असं तिथल्या कंपाउंडरला सहज विचारलं. तो म्हणाला, दर गुरुवारी पुण्याहून एक डॉक्टरीणबाई येतात, लहान मुलांच्या मनाचं बघतात. मी त्याच्याकडून चिठ्ठीवर सगळं लिहून घेतलं आणि रविवारी घरी नेलं.

"मनाचं म्हंजी?" दादाने विचारलं.

"म्हणजे पोर भिऊन बसलं, झोपत नाही, बोलत नाही, असलं."

"येरवडा का?"

"येरवडा नाही रे. बाजारामागं."

"पर येरवड्याच्याच ना त्या?"

आमच्याकडे मनाचा डॉक्टर म्हटला की माणसांना एकच गाव आठवतं. नेमकी तेव्हा शेजारची धोंडाबाई विरजण मागायला आली होती. धोंडाबाईचं विरजण दर वेळी महत्त्वाच्या बोलण्याच्या वेळीच संपतं.

"रतन," ती म्हणाली, "पोरगी सा वर्साची हाय. आज ना उद्या इसरंल. पर तितल्या वहीत एकदा नाव चढलं की वही इसरत न्हाई. उद्या कोन करून घेनार हाय तिला?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी चुलीकडे बघत होती. मग वहिनीने दादाकडे पाहिलं, तोवर दादा म्हशीकडे बघायला लागला होता. मी चिठ्ठी बाजेवर ठेवली. थोड्या वेळाने ती बाजेवर नव्हती. धोंडाबाई विरजण घेऊन गेली. विषय संपला, असं मी समजलो.

मार्चात दादा एका गुरुवारी लोणावळ्याला बंगल्यावर आला.

"काय रे, इकडं?"

"खिळं घ्यायला आलतो."

खिळे कामशेतला मिळतात. कामशेत आम्हाला जवळ आहे. मी त्याला चहा दिला, तो चहा घेता घेता अर्धा मिनिट झोपला, उठला, गेला. पंधरा दिवसांनी परत आला. पुन्हा गुरुवार, पुन्हा खिळे. एप्रिलात तिसऱ्यांदा. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मी मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस आहे, पण खिळ्यांवर प्रश्न कधी आला नव्हता.

मे महिन्यात आमच्याकडे शाकारणी करतात. म्हणजे पावसाच्या आधी घरावरची सगळी कौलं उतरवायची, फुटकी काढून टाकायची, कौलांखालच्या कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि कौलं परत चढवायची. दोन दिवसांचं काम. दोन दिवस घर उघडं.

मी त्या दिवशी सुट्टी काढून आलो होतो. दादा भिंतीवर चढून कौलं उतरवत होता, मी खालून घेऊन अंगणात रचत होतो. चंपा नेहमीसारखी आपल्या दगडावर बसून गजगे खेळत होती. दुपारपर्यंत छप्पर संपलं. नुसत्या भिंती, वासे आणि वर ऊन.

चंपाने गजगे खाली ठेवले. दारापाशी आली. वर बघितलं. उंबऱ्यावर उभी राहून पुन्हा वर बघितलं. मग सरळ आत गेली आणि चुलीजवळ तिची पूर्वीची जागा होती, तिथे मांडी घालून बसली.

"आये, भाकर दे."

पाच महिन्यांनी पोरगी घरात आली होती. वहिनीने भाकर दिली. लगेच दुसरी दिली. मग तिसरी घेऊन आली.

"मला येकच पायजे," चंपा म्हणाली.

तिसरी भाकर वहिनीने स्वतःच खाल्ली, उभ्याने, कोरडी. दादा भिंतीवर बसून वरून बघत होता. हातात रीप तशीच. मग तो खाली उतरला आणि मला म्हणाला, "आज हितंच थांबू."

दुपारी चुलीजवळच्या जमिनीवर तिघंही झोपले. भर उन्हात. माणसं भिंतीवरून डोकावून बघून गेली. धोंडाबाईसुद्धा काही न बोलता गेली. दिवस कलेपर्यंत कुणी कूस बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी कौलं चढवायची. दादा म्हणाला, वासे उन्हात वाळू देत. तिसऱ्या दिवशी म्हणाला, रिपा बदलू. रिपा बदलल्या. चौथ्या दिवशी त्याने पाटीत कौलं भरली आणि धरणावर धुवायला नेली.

आमच्या धरणाच्या पाण्यावर मुंबईला वीज जाते. आम्ही चिमणी लावतो. त्या पाण्याचा आमच्या घराला काही उपयोग झाला असेल तर तो हाच. दादा रोज सकाळी पाट्या घेऊन जायचा आणि काठावर बसून एकेक कौल नारळाच्या शेंडीने घासायचा. दोन्ही बाजूंनी.

कोंडाजी आबा मुद्दाम काठावर गेले.

"मारत्या, कौलं धुतल्याली बघितलीस का रं कवा कुनाची?"

"श्यावाळ लय धरलंय आबा."

"पावसात परत धरंल की."

"म्हनून तर आत्ता धुतोय."

आबा घरी येऊन अर्धा दिवस यावर विचार करत बसले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ढाकच्या डोंगरावर ढग बसायला लागले. सगळ्या वाडीची घरं शाकारून झाली होती. आमचं तेवढं उघडं. कौलं अंगणात रचून ठेवलेली, स्वच्छ, लालभडक, वाडीत सगळ्यात देखणी. आमच्याकडे पाऊस लागला की चार महिने भिंतीला भिंत दिसत नाही. उघड्या घराच्या मातीच्या भिंती पहिल्या पंधरवड्यात बसतात. आणि छप्पर घातलं तर पोरगी त्या पावसात बाहेर. दादा-वहिनीला हे पाठ होतं. त्यावर उपाय काय, ते पाठ नव्हतं.

मी मंगळवारी पुन्हा गेलो. दादा एका भिंतीला टेकून बसला होता, वहिनी समोरच्या. मध्ये चार हात जागा. चंपा त्या जागेत गजगे खेळत होती.

"भावजी," वहिनी मला म्हणाली, "ह्यांना सांगा, कौलं घाला म्हनावं. पाऊस आला."

मी दादाला म्हणालो, "वहिनी म्हणते, कौलं घाल."

"तिला सांग, घातली तर पोरगी भायेर."

"वहिनी, दादा म्हणतो—"

"ऐकलं मी. त्यांना इचारा, मग काय करायचं."

"दादा—"

"तिलाच इचार."

थोडा वेळ मी हे टपालाचं काम केलं. मग मी थांबलो. मी थांबलोय हे दोघांच्या लक्षात आलं नाही. ते माझ्याकडे बघून एकमेकांशी बोलत राहिले आणि बोलता बोलता दमून गप्प झाले.

चंपाने एक गजगा वर उडवला, झेलला.

"बा, तू घाल कौलं. मी भायेर ऱ्हाते."

"पाऊस लागंल आता."

"म्हस भिजती की."

"म्हशीचं येगळं असतंय बाई."

"मी बी भिजंन. तुमी दोगं आत निजा." तिने पुढचा गजगा उचलला. "तुमाला लय झोप आलीया."

दादाने दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि ते तिथेच ठेवले.

वहिनी उठली. कोपऱ्यात उतरंड होती, भूकंपातून वाचलेली. वरची दोन मडकी तिने उतरवली आणि खालच्यात हात घातला. तांदळातून माझी जानेवारीतली चिठ्ठी बाहेर आली. घड्यांवर काळी पडलेली. बरेचदा उघडलेली असावी. वहिनीला वाचता येत नाही. ती चिठ्ठी तिने माझ्या हातात दिली नाही. दोन पावलं चालून गेली आणि दादाच्या पुढे धरली.

दादाने चिठ्ठी बघितली. घेतली नाही. तोही उठला, दुसऱ्या कोपऱ्यातून पत्र्याचा डबा आणला आणि वहिनीच्या पायाशी ठेवला. डब्यात खिळ्यांच्या तीन पुड्या होत्या. एकही सोडलेली नव्हती.

"ह्ये काय?" वहिनीने त्यालाच विचारलं.

"तितं दारापत्तुर गेलतो. तीनदा. बाकड्यावर माणसं बसल्याली असत्यात, पोरं घिऊन. म्हनलं वळखीचं कोन भेटंल. पाय उचलंना. मग परत येताना खिळं घेतलं. कुटं गेलतास म्हनलं तर काय सांगायचं?"

"मला वाटलं, तुमी न्हाई म्हनाल."

"मला वाटलं, तू."

म्हणजे दोघंही जानेवारीपासून तयार होते, आणि घरात ही गोष्ट फक्त तांदळाला आणि खिळ्यांना ठाऊक होती.

"परवा गुरवार हाय," वहिनी म्हणाली.

उघड्या घराचा एक तोटा असतो. भिंतीपलीकडून धोंडाबाईचा आवाज आला, "रतन, वहीत नाव चढंल गं!"

"चढू दे मावशी," वहिनीने इकडून सांगितलं. "आमाला छप्पर चढवायचं हाय."

गुरुवारी तांबडं फुटायच्या आत आम्ही निघालो. एस.टी.ला छप्पर असतं, रेल्वेलाही असतं, त्यामुळे चालत. एक डोंगर चढून नाणे मावळात उतरायचं, दुसरा चढून हमरस्त्याकडे उतरायचं. चंपा चालायला चिवट आहे. दादा दर उतारावर पेंगत होता, वहिनी मागून त्याच्या सदऱ्याला धरून होती. हमरस्त्याला वाळूचा एक ट्रक थांबला. मागून उघडा. चंपाने वर बघितलं, आभाळ जागच्या जागी होतं, तिने ट्रक पास केला. वाळूवर बसून आम्ही लोणावळ्यात शिरलो.

दवाखान्याच्या आवारात एक जांभळाचं झाड आहे. चंपा त्याच्याखाली थांबली. वहिनी तिच्याजवळ. दादा पायऱ्यांपाशी गेला, उभा राहिला. बाकड्यावर माणसं होतीच. मला वाटलं, आता खिळे. पण तो आत गेला, मागोमाग मी.

"पेशंट कुठाय?" कंपाउंडरने विचारलं.

"भायेर."

"आत आणा."

"त्येच तर दुखनं हाय."

कंपाउंडरने पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. त्याने वही ओढली. दादा त्या वहीकडे बघत राहिला. जाडजूड, कडा चुरगळलेल्या, कव्हरावर चहाच्या कपाचा गोल.

"नाव?"

दादा तो चहाचा गोलच बघत होता. शेवटी दारातून वहिनीचा आवाज आला. ती कधी मागे येऊन उभी राहिली होती कळलं नाही, एक डोळा झाडाकडे ठेवून. "चंपा मारुती. लिवा."

त्याने लिहिलं. चंपाच्या नावाच्या वर एका म्हाताऱ्याचा खोकला होता आणि त्याच्या वर कुणाचंतरी गळू. दादाने ते दोन्ही बोट फिरवून वाचलं. मग खांदे थोडे खाली सोडले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, पांढरं सुती पातळ, पायात साध्या चपला. त्यांचेही डोळे झोप न झाल्यासारखे होते. हकीकत ऐकून त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि चालायला लागल्या. कंपाउंडर म्हणाला, "बाई, खुर्ची मी—" तोवर त्या जांभळाखाली पोचल्या होत्या. बाकड्यावरच्या माणसांना वाटलं, दवाखाना हलला. एकेक करून तीही पोरं घेऊन झाडाकडे यायला लागली. बाईंनी त्यांना हाताने लांब थांबवलं.

आम्हाला वाटलं, आता नाडी बघतील. बाईंनी चंपाला विचारलं, "कौल केवढं होतं गं?"

चंपाने दोन्ही हात फाकले, जेवढे फाकतील तेवढे.

"येवडं कुटं—" दादा बोलायला लागला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो थांबला.

"एवढं मोठं. आणि वाजलं कसं?"

मग चंपा बोलायला लागली. पाच महिन्यांत ती एवढं एका दमात बोलली नव्हती, कारण पाच महिन्यांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. वाजलं कसं, धूळ कुठे गेली, खापऱ्या तिच्या गोधडीवर कशा पडल्या. आदल्या संध्याकाळी ती मडक्याजवळच झोपणार होती, पण तिथे गार लागलं म्हणून हातभर सरकली. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"सगळी म्हनत्यात, काय बी झालं न्हाई," ती म्हणाली. "मग मडकं कुनी फोडलं?"

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा जांभळाच्या बुंध्याकडे बघत राहिला. आम्हीच तिला हे रोज सांगत होतो. उठता बसता. प्रेमाने.

बाई दादा-वहिनीला म्हणाल्या, "पोरगी वेडी नाही. भ्यायलेली आहे. आणि कौल पडलं होतं हे खरं आहे, तिला खोटं पाडू नका. छप्पर घाला, पण तिच्या हातून घाला. तिच्या जागेपासून सगळ्यात लांबच्या टोकाला सुरुवात करा. प्रत्येक कौल आधी तिने बघायचं, वाजवायचं, मग तिने द्यायचं. ती थांब म्हणाली की थांबायचं, हात धरून आत ओढायचं नाही. आणि तुमच्यापैकी एकाने रोज रात्रभर झोपायचं. हे पण औषधच आहे. दर गुरुवारी या."

"किती गुरवार?" दादाने विचारलं.

"ते मला आज नाही सांगता येणार."

दादाला हे उत्तर पटलं. अंबाजीने अडीच आठवडे सांगितले होते.

"पर बाई, पाऊस हाय आठ दिसात."

बाईंनी डोंगराकडे बघितलं. "मग सावकाश करा, पण आजच सुरू करा."

घरी आल्यावर चंपा कौलांच्या ढिगाजवळ बसली. एकेक कौल उचलायची, बोटाच्या पेराने वाजवायची, कानाला लावायची. धुतलेलं असल्यामुळे बारीकशी चीरही दिसायची. दादाची धुलाई अशी कामाला आली. तो स्वतःच सगळ्यात जास्त चकित झाला. पास झालेलं कौल ती माझ्याकडे द्यायची, मी दादाकडे. नापास झालेलं बाजूला. कोंडाजी आबा बघायला आले, बघता बघता त्यांनी स्वतः एक कौल उचलून तिच्यापुढे धरलं. तिने वाजवलं आणि परत दिलं.

"ह्ये न्हाई."

भावकीत आबांना असं कुणी सांगत नाही. आबांनी मुकाट्याने दुसरं उचललं.

आठव्या दिवशी पाऊस लागला. तोवर घर झालं होतं, फक्त चुलीजवळचा कोपरा सोडून. तिथली कौलं चंपा पास करेना. बाजेएवढं आभाळ राहिलं होतं. त्या आभाळाखाली ती पावसात उभी राहिली, डोक्यापासून पायापर्यंत निथळत. दादा एका बाजूला, वहिनी दुसऱ्या, दोघंही कौलांखाली, कोरडे, हात पुढे न करता. हात पुढे करायचे नाहीत असं बाईंनी सांगितलं होतं. मी आजवर पाहिलेल्या कामांत ते सगळ्यात अवघड काम होतं. बऱ्याच वेळाने चंपाने एक पाऊल टाकलं. कौलांखाली. वर बघितलं. परत मागे गेली. मग पुन्हा एक पाऊल.

तेवढंच. त्या दिवशी तेवढंच झालं.

आता श्रावण आहे. बाजेएवढं आभाळ घमेल्याएवढं झालंय. त्याच्याखाली घमेलं ठेवलेलं असतं, ते दिवसातून किती वेळा उपसायचं याला सुमार नाही. चंपा घमेल्याजवळ झोपते, डोकं कौलांखाली, हात घमेल्यात. काही रात्री उठून बसते, काही रात्री नाही. शाळेत अजून खिडकीतच आहे, पण गुरुजींनी खिडकीवर तिच्या डोक्यावर येईल असं पोतं बांधून दिलंय आणि पोत्याबद्दल ती काही बोललेली नाही. ओढ्याला पाणी चढलं की तो गुरुवार बुडतो. नाहीतर कधी दादा, कधी वहिनी तिला घेऊन भिजत दोन डोंगर चालतात. छत्रीवर पुन्हा विचार चालू आहे.

परवा कोंडाजी आबा आले, घमेल्यापाशी बसले आणि वर बघितलं.

"मारत्या, ह्ये भोक कवा बुजवनार हाय तू?"

"त्या कौलांचं धुवायचं ऱ्हायलंय आबा," दादा म्हणाला. पुढे काहीतरी सांगणार होता, पण भिंतीला टेकल्या टेकल्या त्याला झोप लागली. त्या दिवशी झोपायची पाळी त्याची होती.

आबा या वेळी उत्तरासाठी थांबले नाहीत. घमेलं भरत आलं होतं, ते त्यांनी उचललं आणि बाहेर ओतून आले.